वस्तादाचा नियम आणि वस्तादाची कंबर

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावाला आपल्या तालमीचा फार अभिमान होता. गावातल्या कुठल्याही घराच्या नसतील इतक्या जाड तिच्या भिंती. आत लाल मातीचा आखाडा, कोपऱ्यात ओळीनं मांडलेले मुद्गल, आणि उंच ओट्यावर बसलेला वस्ताद हैबती. या हैबतीला मान म्हणून नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं दिसे.

तालमीच्या दारात एक काळा दगडी गोटा होता, चांगला कलिंगडाएवढा. हैबतीचा नियम असा, की जो हा गोटा उभ्यानं छातीपर्यंत उचलेल, त्यानंच उंबरठा ओलांडायचा. बाकीच्यांनी आल्या पावली परत जायचं.

गाव सहाशे माणसांचं, आणि तालमीत पैलवान होते नऊ. उरलेली पाचशे एक्याण्णव माणसं त्या नऊ जणांचं तोंडभर कौतुक करायची आणि बसल्या जागेवरून उठताना "आई गं!" म्हणायची.

दारावर राखणीला हैबतीचा पट्टशिष्य दौलू असे. दौलूची ताकद मोठी आणि डोकं अगदी सरळ. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करी. एकदा आई त्याला म्हणाली, "दूध उतू गेलं की मला सांग हो." दौलू चुलीजवळ उभा राहिला, दूध वर येताना पाहिलं, सगळं उतू जाऊ दिलं आणि मग आईला सांगितलं. असा माणूस दारावर असल्यामुळे हैबती निर्धास्त होता.

एके दिवशी दौलूचा बापच तालमीच्या दारात आला. बाप म्हणजे चिंतू शिंपी. तीस वर्षं कापडावर वाकून त्याची पाठ कमानीसारखी झाली होती आणि हात खांद्याच्या वर जात नव्हते. वैद्यांनी त्याला सांगितलं होतं, "मास्तर, अंगाला व्यायाम द्या, नाहीतर वर्षभरात सुईत दोरासुद्धा ओवता येणार नाही." आणि व्यायामाची जागा गावात एकच होती.

दौलूनं बापाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाबा, गोटा."

"अरे, मला गोटा उचलता आला असता तर मी इथं कशाला आलो असतो?"

"ते खरं आहे बाबा. पण गोटा."

चिंतूनं सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि दोन्ही हात गोट्याला लावले. गोटा हलला नाही, चिंतूच पुढं सरकला आणि गोट्यावर पोट टेकून लोंबत राहिला. आतून हसण्याचा मोठा आवाज आला. दौलूनं बापाला उचलून सरळ उभं केलं, त्याची टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि घराच्या दिशेला तोंड करून दिलं. त्या दिवशी हैबतीनं सगळ्यांसमोर दौलूची पाठ थोपटली. "शिष्य असावा तर असा! बाप आला तरी सोडलं नाही."

आठवडाभरानं सगुणाक्का आल्या. सगुणाक्का गावची कासारीण. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन त्यांनी आयुष्यभर दहा गावं पायी फिरून काढली होती, पण आता गुडघे धरले होते. त्यांच्या सोबत येसू बुरूड होता. लहानपणीच्या दुखण्यानं त्याचा एक पाय वाळला होता, म्हणून तो काठी घेऊन चाले. टोपल्या विणून विणून त्याच्या हातांना मात्र चांगला जोर आला होता.

सगुणाक्का वयानं मोठ्या, त्यामुळे हैबती ओट्यावरून उतरून दारापर्यंत आला.

"हैबती, माझे गुडघे आखडलेत. कोपऱ्यात उभी राहून चार हातवारे करीन म्हणते," सगुणाक्का म्हणाल्या.

हैबती हसला. "आक्का, ही तालीम आहे. आधी ताकद कमवा, मग या."

"ती कमवायची कुठं?"

"ते मला काय माहीत? मी तालमीच्या आतलं बघतो."

येसू म्हणाला, "वस्ताद, गोटा मी उचलतो. फक्त बसून उचलेन. उभ्यानं उचलायचा तर काठी कोण धरणार?"

"नियम उभ्याचा आहे," हैबती म्हणाला आणि आत गेला.

सगुणाक्का परत फिरल्या. घरी पोचल्यावर अंगणातल्या कडुलिंबाखाली त्यांनी घोंगडी अंथरली आणि येसूला म्हणाल्या, "बस. आत घेत नाहीत ना, मग आपण इथंच करू. मला बांगड्या भरता येतात, तुला टोपली विणता येते. त्यातूनच काहीतरी निघेल."

आणि खरंच निघालं. नव्या नवरीला घट्ट बांगडी भरताना सगुणाक्का तिचा पंजा दाबून दाबून मऊ करत. तसाच पंजा दाबायचा आणि सोडायचा, हा पहिला व्यायाम ठरला. येसूनं बांबूची एक लांब काडी दोन्ही हातांत आडवी धरून डोक्यावर नेली आणि खाली आणली. हा दुसरा. ज्याला उभं राहता येई तो उभ्यानं करी, ज्याला येत नसे तो बसून करी. तिसऱ्या दिवशी चिंतू शिंपी कुंपणापाशी घुटमळताना दिसला. त्यालाही बोलावलं. मग कुंभाराची म्हातारी आई आली. मग बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या दोन सुना आल्या.

सगुणाक्कांना बांगड्या डझनानं मोजायची सवय. त्यामुळे बारा झाले की पुन्हा एक. कुणी किती वेळा हात वर केले हे कुणालाच कळत नसे आणि कुणाला त्याचं काही वाटतही नसे.

ही बातमी तालमीत पोचली, तेव्हा हैबती इतका हसला की ओट्यावरून उतरावं लागलं. "पंजे दाबून! काड्या उचलून! अरे, उद्या भाकरी थापून पैलवान करतील!"

आता पुढं काय झालं ते ऐका. दररोज सकाळी तालीम उघडताना हैबती स्वतः गोटा उचलत असे. नऊ शिष्य ओळीनं उभे राहत आणि वस्ताद गोटा छातीपर्यंत नेऊन सगळ्यांकडे एकदा नजर फिरवी. त्या दिवशीही त्यानं गोटा उचलला, छातीपर्यंत नेला, नजर फिरवायला सुरुवात केली आणि त्याला शिंक आली.

शिंक मोठी होती. गोटा एका बाजूला पडला आणि वस्ताद दुसऱ्या बाजूला वाकला, तो वाकलेलाच राहिला. कमरेत अशी उसण भरली की त्याला धड वर होता येईना की खाली बसता येईना. शिष्यांनी त्याला तसाच, कोयत्यासारखा वाकडा, उचलून घरी नेला.

वैद्य आले, पाहून म्हणाले, "तीन आठवडे जड वस्तू उचलायची नाही. पण पडूनही राहू नका. पडून राहिलात तर असेच वाकडे राहाल. रोज हलकी हलकी हालचाल करा."

दुसऱ्या दिवशी हैबती भिंतीला धरत धरत तालमीपाशी गेला. ओट्यावर बसावं, चार सूचना द्याव्यात, तेवढंच बरं वाटेल, असा त्याचा विचार. दारात दौलू उभा होता. दौलूनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "वस्ताद, गोटा."

"अरे गाढवा, मी वस्ताद आहे!"

"हो वस्ताद. पण गोटा."

"माझी कंबर दिसत नाही का तुला?"

"दिसते ना. माझ्या बाबांची पाठही दिसत होती. त्यांना परत पाठवलं तेव्हा तुम्ही माझी पाठ थोपटली होती." दौलूच्या आवाजात कुठंही टोमणा नव्हता. तो खरोखर आठवून सांगत होता. मग त्यानं हैबतीला हलकेच उचललं आणि घराच्या दिशेला तोंड करून दिलं.

हैबती घरी जाऊन बसला. बसून बसून काय करणार, तर बायको भाकरी थापत होती तिला सूचना देऊ लागला. "कोपर आत घे. पाठ ताठ ठेव. दम लागला तर सांग." दोन दिवस बायकोनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं पिठाचे हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "अहो, सगुणाक्कांच्या अंगणात जा. नाहीतर ही परात घ्या आणि तुम्हीच थापा."

हैबती गेला. कुंपणाशी बराच वेळ उभा राहिला. त्याला वाटलं, आता सगळे हसतील. आपणही हसलोच होतो की.

सगुणाक्कांनी त्याला पाहिलं. "काय रे हैबती?"

"आक्का, मला काही उचलता येत नाही," हैबती जमिनीकडे बघत म्हणाला. वाकलेला असल्यामुळे तसंही दुसरीकडे बघता येत नव्हतं.

"इथं उचलायचं काही नाही. ये, बस. मास्तर, जरा सरका."

चिंतू शिंपी सरकला. त्याच्या आणि कुंभाराच्या म्हातारीच्या मध्ये वस्ताद बसला. पहिला दिवस फार वाईट गेला. म्हातारीचे हात डोक्यावर गेले, वस्तादाचे कानापर्यंतच पोचले. त्यानं दात ओठ खाऊन जोर लावला, तोंड लालबुंद झालं.

येसू म्हणाला, "वस्ताद, श्वास रोखू नका."

"मला शिकवतोस? चाळीस वर्षं श्वास घेतोय मी!"

"घेताय खरं. पण सोडायचा कधी?"

हैबतीनं श्वास सोडला. तो इतका वेळ चालला की शेजारच्या म्हातारीनं काळजीनं वळून पाहिलं. पण श्वास सोडताच कंबर बोटभर सैल झाली. मग हैबती येसू सांगेल तसं करू लागला.

चौथ्या-पाचव्या दिवशी व्यायाम संपल्यावर तो चिंतूजवळ रेंगाळला. "मास्तर, त्या दिवशी तुम्ही गोट्यावर पडलात तेव्हा मी आत बसून हसलो होतो."

"हो. ऐकू आलं होतं. तुमचं हसू ओळखू येतं."

"तरी तुम्ही मला जागा दिलीत?"

"जागा आक्कांनी दिली. मी फक्त सरकलो," चिंतू म्हणाला. "सोपं असतं हो सरकणं. बूड चार बोटं हलवायचं."

त्या दिवशी हैबती घरी जाताना दोनदा वाट चुकला.

नवव्या दिवशी त्यानं स्वतः वाकून स्वतःच्या पायांत वहाणा घातल्या. अंगणातल्या सगळ्यांनी "शाब्बास!" म्हणून टाळ्या वाजवल्या. त्यानं आयुष्यात मोठमोठे पैलवान चीत केले होते, खांद्यावर बसून मिरवणुका काढून घेतल्या होत्या. पण वहाणा घातल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. ते लपवायला तो पुन्हा वाकला आणि घातलेल्या वहाणा पुन्हा घातल्या.

तीन आठवडे झाले. कंबर सरळ झाली. वैद्यांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "आता काय हवं ते उचला."

सकाळी हैबती तालमीकडे निघाला, तशी अंगणातली सगळी मंडळी त्याच्या मागून निघाली. दौलू दारातच होता. आतून आठ चेहरे डोकावले. "वस्ताद, उचलता?" दौलूनं विचारलं.

हैबतीनं गोट्याकडे पाहिलं. हात शिवशिवले. उचलता येईल, हे त्याला पक्कं माहीत होतं. उचलला की आत, ओट्यावर, पहिल्यासारखं सगळं. त्यानं वाकून दोन्ही पंजे गोट्याला लावले. मागं उभ्या सगुणाक्कांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

हैबतीनं हात काढून घेतले आणि तो सरळ उभा राहिला.

"जमत नाही?" दौलूनं विचारलं.

"जमतं. पण उचलत नाही. हा नियम आजपासून बंद."

दौलू विचारात पडला. मग म्हणाला, "वस्ताद, तालमीचा नियम तालमीतल्या माणसानं मोडायला हवा. आणि जो गोटा उचलत नाही तो तालमीतला नाही."

"अरे, नियम मीच केलाय!"

"हो, पण तेव्हा तुम्ही आत होता."

हैबतीनं कपाळावर हात मारला. असा शिष्य आपणच घडवला, आता कुणाला बोलणार? तेवढ्यात चिंतू शिंपी पुढं आला. "दौलू, तू आतला की बाहेरचा?"

"आतला, बाबा."

"मग तूच मोड की."

दौलूनं वस्तादाकडे पाहिलं. "वस्ताद, मोडू?"

"मोड!"

"पण तुम्ही बाहेरचे. तुमची आज्ञा चालत नाही." दौलूला घाम फुटला. "म्हणजे मलाच ठरवावं लागणार!"

त्यानं जन्मात स्वतःहून काही ठरवलं नव्हतं. तो गोट्याकडे बघे, मग आत बघे, मग बाहेर बघे. बाहेर त्याचा बाप उभा होता. बापाची पाठ पूर्वीपेक्षा बरीच सरळ झाली होती. चिंतूनं कपाळावरची माशी हाकलायला हात वर केला आणि तो हात खांद्याच्या वर गेला. दौलूनं ते पाहिलं.

"बाबा, तुमचा हात!"

"हं. डोक्यापर्यंत जातो आता."

दौलूचा चेहरा रडवेला झाला. "बाबा, तुम्हाला परत पाठवलं ना, त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं."

"माहीत आहे मला. सहाच भाकऱ्या खाल्ल्यास."

दौलूनं डोळे पुसले, गोटा उचलून खांद्यावर घेतला आणि चालू लागला. तो थेट नदीवर गेला. तिथं बायका धुणं धूत होत्या, त्यांच्यापुढं त्यानं तो ठेवला. बायकांना चांगला गुळगुळीत दगड मिळाला. त्या खूश झाल्या.

पण एवढ्यानं सगळं सोपं झालं असं नाही. गोटा गेला तरी उंबरठा हातभर उंच, आणि येसूचा पाय काही त्यावर चढेना. तेव्हा नऊ पैलवानांनी उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना मुरूम टाकून, चोपून चोपून उतार केला. म्हाताऱ्यांना धरायला भिंतीच्या कडेनं जाड दोर बांधला. सकाळची वेळ बायकांची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची ठरली, तसा एक पैलवान रागावून म्हणाला, "तालीम राहिली नाही ही, बाजार झाला!" आणि आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी आला, कारण त्याची आई आणि बायको दोघी तालमीत जाऊ लागल्यामुळे घरात त्याचा राग ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी साठ माणसं आत घुसली. एक आजोबा मऊ मातीवर आडवे झाले आणि तिथंच घोरू लागले. हैबती सवयीप्रमाणे "हुश्शार!" म्हणून ओरडला, तेव्हा दोन म्हाताऱ्या घाबरून घरी गेल्या. मग तो हळू आवाजात बोलायला शिकला. वस्ताद हळू बोलू लागल्यावर नऊ पैलवानांना जास्तच धास्ती वाटू लागली, आणि त्यांची मेहनत दुप्पट झाली.

वर्ष गेलं. एक दिवस दूरच्या मुलखातला एक नामांकित पैलवान बैलगाडीतून गावात आला. डोक्याला भरजरी फेटा, मिशांना पीळ. त्याला ही तालीम ऐकून माहीत होती. दारात उभा राहून त्यानं विचारलं, "वस्ताद, तुमच्या तालमीतला सगळ्यात ताकदवान गडी कोण? मला त्याच्याशी लढायचं आहे."

हैबती विचारात पडला. मग बोटांवर मोजू लागला.

"असं आहे बघा. सगुणाक्का काल देवळाच्या अकरा पायऱ्या चढल्या. मागच्या दिवाळीत एकही चढवत नव्हती. चिंतूमास्तरांनी खुंटीवरचा अंगरखा स्वतः काढला. कुंभाराची म्हातारी पंगतीत मांडी घालून बसली आणि स्वतःहून उठली. आता यातलं जास्त कुणाचं म्हणू?"

"मी कुस्तीचं विचारतोय!"

"हां, कुस्तीचं! कुस्तीला दौलू आहे की. पण तो दुपारनंतर मोकळा होईल. सकाळी तो लोकांना उठायला-बसायला हात देतो."

पैलवान चिडला. "ही काय तालीम झाली? मी गाडीत आईला बसवून एवढ्या लांबून आलो. तिला फारसं चालवत नाही, तरी माझी कुस्ती बघायची म्हणून आली. तिला आता काय दाखवू मी?" असं म्हणून तो गाडीकडे वळला.

गाडी रिकामी होती.

"आई!" पैलवान घाबरून ओरडला.

"काय आहे?" तालमीच्या आतून आवाज आला.

पैलवानानं आत वाकून पाहिलं. त्याची आई दोराला धरून भिंतीशी उभी होती. एका बाजूला सगुणाक्का, दुसऱ्या बाजूला येसू. तिच्या हातात बांबूची काडी होती आणि ती काडी हळूहळू वर चालली होती. म्हातारीचं तोंड अगदी लहान पोरीसारखं फुललं होतं.

"आई, तू आत कशी गेलीस? मी अजून बाहेरच आहे!"

"मग तूही ये की. माझे आठ झालेत, मध्येच बोलायला लावू नकोस," म्हातारी म्हणाली. "आणि तो फेटा काढून माझ्या मागं उभा राहा. पुढं उभा राहिलास तर मला काही दिसायचं नाही."

तात्पर्य, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एवढंच: व्यायामाची खरी गरज ज्याला असते तो बहुतेक वेळा दाराबाहेरच उभा असतो, म्हणून तालमीची ताकद मोजायची तर ती किती जण आत येऊ शकले यावर मोजावी. आणि कुणी आलंच, तर आपण चार बोटं सरकावं.